परक्या भूमीवरची फौज



परक्या देशात मोजक्या फौजेनिशी जाऊन तिथल्या बंडखोरांवर विजय मिळवता येतो का? व्हिएतनाम आणि अफगाणिस्तानच्या निमित्ताने जगभर यावर पुष्कळ खल झाला. पुण्यात मात्र हा प्रश्न घरचा आहे. श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचे सर्वोच्च सेनापती लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग हेच आपल्या पुण्यातल्या दक्षिण कमांडचेही प्रमुख होते. त्या युद्धाची सूत्रे या शहराशी बांधलेली होती.

29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या आणि 54वी डिव्हिजन जाफन्यात उतरली. तिचे मनुष्यबळ अपुरे होते, पण काम तमिळ बंडखोरांची शस्त्रे जमा करून घेण्याचे असल्याने तेवढे पुरेल, असा हिशेब होता. ऑक्टोबरमध्ये तो कोसळला. 11 ऑक्टोबरच्या रात्री तमिळ वाघांचे (एलटीटीई) नेतृत्व पकडण्यासाठी जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवले गेले. बेत वाघांना आधीच कळला होता. शीख लाइट इन्फंट्रीचे 30 जवान तिथे उतरले, त्यांतले 29 मारले गेले.

त्यानंतर कुमक वाढत गेली. एका डिव्हिजनच्या चार झाल्या, फौज सत्तर हजारांच्या वर गेली. ऑक्टोबरअखेर जाफना शहर हाती आले, वाघ वन्नीच्या जंगलात सरकले आणि युद्ध सुरूच राहिले. 25 नोव्हेंबरला आठव्या महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या तुकडीवर वाघांनी दबा धरून हल्ला केला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावली आणि त्यालाच टिपले. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जवान शौर्यात कुठे कमी पडले नाहीत, आणि पुढे संख्याही कमी नव्हती. मग घोडे अडले कुठे?

ते अडले राजकारणात. ज्या वाघांना आपणच आपल्या भूमीवर प्रशिक्षण दिले होते, त्यांच्याशी आपण लढत होतो. ज्या सरकारच्या निमंत्रणावरून गेलो, त्याचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी 1989 मध्ये आपल्याला चालते होण्यास सांगितले आणि वाघांना शस्त्रे पुरवली. ज्या तमिळ जनतेसाठी गेलो, तिचा विश्वास आपण गमावला. 21 ऑक्टोबर 1987 रोजी जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. लष्कराने ती चकमक ठरवली, जाफन्याने ती कत्तल म्हणून लक्षात ठेवली. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली, आणि आपल्या आधारावर उभे असलेले वरदराज पेरुमल यांचे प्रांतिक सरकार त्याच महिन्यात संपले. आपले सुमारे बाराशे जवान तिथे कामी आले होते.

भरपूर फौज नेली असती तर? याचे उत्तर सह्याद्रीने तीनशे वर्षांपूर्वीच दिले आहे. औरंगजेब 1681 च्या अखेरीस दक्षिणेत आला तो साम्राज्याचा खजिना आणि अफाट फौज घेऊन. 1703 मध्ये त्याने सिंहगड घेतला तो पैसे मोजून. पुण्यात छावणी टाकली, गावाचे नाव बदलून मुहियाबाद केले. छावणी पुढे सरकताच गड एकामागून एक मराठ्यांकडे परत येऊ लागले. राजा जिंजीला असो वा गादीवर कोवळे मूल असो, रामचंद्रपंत, संताजी, धनाजी आणि ताराबाईंच्या मागे मुलूख उभा होता. 1707 मध्ये बादशहा नगरजवळ वारला तेव्हा या मुलखात त्याची सत्ता छावणीपुरतीच उरली होती.

उलट उदाहरण ओमानच्या धोफार प्रांतातल्या बंडाचे. तिथे ब्रिटिश माणसे थोडीच होती. पण 1970 मध्ये सुलतान काबूसने बापाला बाजूला सारून सत्ता घेतली, शरण येणाऱ्यांना माफी दिली, विहिरी खोदल्या, दवाखाने काढले. फुटून आलेले बंडखोर त्याच्याच बाजूने लढू लागले. इराणच्या शहाने फौज पाठवली, तिचाही वाटा होता. तरी बाजी पलटवली ती सुलतानाच्या बदललेल्या कारभाराने. 1975 मध्ये बंड मोडले.

लष्करी शाळांत दर हजार लोकसंख्येमागे वीस शिपाई असा ठोकताळा सांगतात. त्या विसांत स्थानिक पोलीस किती आणि परके किती, हे आधी विचारा. माझे मत स्पष्ट आहे: मर्यादित परकी फौज जिंकू शकते, पण फक्त दुसऱ्याचे युद्ध जिंकायला मदत म्हणून. जिथे स्थानिक राज्यकर्त्याला स्वतः सुधारायचे नाही, किंवा पाहुणी फौजच नकोशी आहे, तिथे चार डिव्हिजनही अपुऱ्या आणि बादशाही लष्करही अपुरे. फौज पाठवण्याआधी दिल्लीने हा एक प्रश्न कागदावर सोडवावा. सेनापतींनी तो सुटल्याशिवाय नकाशा उलगडू नये.

आता लेखकांना एक विनंती. पानिपतावर मराठीत जेवढे लिहिले गेले, त्याच्या पासंगालाही श्रीलंकेवरचे लेखन पुरत नाही. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणींतून तिथे लढलेले जवान आज साठी ओलांडून सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत राहत आहेत. त्यांच्याकडे जा, त्यांचे ऐकून घ्या, लिहून ठेवा. आणि जाफन्यातल्या तमिळ माणसाची बाजूही मराठीत आणा. हे काम पुढच्या परिषदेपर्यंत सुरू झालेले दिसावे, एवढीच आपल्याकडून अपेक्षा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!