इंधनाविना विमान : शक्य किती, अशक्य किती
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले. उभी हयात शाळेत विज्ञानाची प्राथमिक तत्त्वे शिकविण्यात गेली. विद्यार्थी आम्हांस वारंवार एक प्रश्न पुसत आले. इंजिनावाचून, केवळ हलके होऊन वर चढणारे आणि जड होऊन खाली घसरणारे विमान प्रवास करू शकेल काय? कित्येक जण या कल्पनेस फुकटचे विमान समजून भाळतात, कित्येक जण वेडगळपणा म्हणून हसतात. दोन्ही पक्ष चुकतात, असे आमचे नम्र मत आहे.

प्रथम तत्त्व पाहू. घार पंख न हालविता घिरट्या घेते, ती तापलेल्या भूमीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने. या विमानास तो आधार लागत नाही. त्याच्या पोटात हेलियम असल्यामुळे ते वर चढते आणि चढताना तिरप्या धरलेल्या पंखांमुळे पुढेही सरकते. उंचीवर पोहोचताच पंपाने बाहेरची हवा पोटात दाबून भरावी. मग ते हवेहून जड होऊन तिरके घसरत पुढे जाते. भरलेली हवा सोडली की पुन्हा हलके. अशी त्याची वरखाली नागमोडी वाट असते.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानातील पर्थ अँबॉय येथे डॉ. सॉलोमन अँड्र्यूज यांनी १८६३ साली ‘एरिऑन’ नावाचे इंजिनरहित वायुयान उडविले. विडीच्या आकाराच्या, हायड्रोजनने भरलेल्या तीन लांब पिशव्या शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या. वजन टाकले की यान चढे, वायू सोडला की उतरे. परंतु प्रत्येक चढणीस वजन खर्ची पडे, प्रत्येक उतरणीस वायू. शिदोरी संपली की प्रवास संपला!

ही अडचण ओळखून स्कॉटलंडमधील युनिव्हर्सिटी ऑफ द हायलँड्स अँड आयलंड्स व तिच्या सहकाऱ्यांनी ‘फीनिक्स’ हे मानवरहित यान रचले. १५ मीटर लांब व १०.५ मीटर पंखविस्ताराचे हे यान मार्च २०१९ मध्ये पोर्ट्समथ येथे एका बंदिस्त इमारतीत १२० मीटर उडाले. त्याचा पंप विजेवर चाले आणि ती वीज सूर्यप्रकाशापासून मिळविण्याची योजना होती.

येथेच मर्माचा मुद्दा येतो. हे यान फुकट उडत नाही. हवा दाबून भरण्यास जे श्रम पंप करतो, त्यांचीच परतफेड पुढच्या गतीच्या रूपाने होते. तीही पुरी नव्हे, घर्षण आपला वाटा घेतेच. सूर्याने वीज दिली तर इंधन विकत घ्यावे लागत नाही, एवढेच. शक्ती शून्यातून निर्माण होत नाही, हा नियम अबाधित राहतो.

दुसरी अडचण आकाराची. एक घनमीटर हेलियम जेमतेम एक किलो वजन उचलतो. म्हणजे ८० किलोंच्या एका उतारूसाठी, यानाचे स्वतःचे वजन सोडूनही, ८० घनमीटर वायू हवा. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद व सव्वातीन मीटर उंच खोलीएवढी ती जागा होते. इतके मोठे धूड हळूच चालणार आणि जोराचा वारा सुटला की भरकटणार. म्हणून उतारूंची वाहतूक या मार्गाने होईल असे आम्हांस वाटत नाही. उंच आकाशात दीर्घकाळ राहून संदेशवहन वा टेहळणी करणे मात्र संभवनीय आहे. फीनिक्सच्या निर्मात्यांचा हेतूही तोच.

हेच तत्त्व समुद्रात नेले की चित्र पालटते. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. तेथे एक लिटर आकारमान वाढविले की एक किलोची उचल मिळते. याच आधारावर समुद्रातील ग्लायडर महिनोन्महिने चालतात. ज्या न्यू जर्सीत एरिऑन उडाले, तेथील रट्गर्स विद्यापीठाने २००८ साली अटलांटिक ओलांडण्यासाठी एक ग्लायडर धाडला. तो अझोर्स बेटांनजीक हरवला. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, ‘स्कार्लेट नाइट’ हा दुसरा ग्लायडर २२१ दिवसांत स्पेनच्या किनाऱ्यास लागला. विजेऱ्यांवर चालणारे ते यंत्र लांबीने माणसाहून थोडेसेच मोठे होते. या कार्यात पदवी न मिळालेल्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

कारण आमचे मागणे त्याच्याशी निगडित आहे. आपला शिक्षणनिधी फी व पुस्तके यांस साह्य करतो, ते योग्यच. परंतु त्यातील अल्पसा अंश तराजू, पंप, फुगे, विजेऱ्या अशा प्रयोगसाहित्यासाठी राखून ठेवावा. एक घनमीटर वायू किती वजन उचलतो हे ज्या मुलाने स्वतः मोजले, त्यास फुकटच्या यंत्राच्या नावाने कोणी ठकवू शकणार नाही. आणि नव्या कल्पनेस न मोजताच हसण्याची खोडही त्यास लागणार नाही. पहिले यंत्र बुडाले तरी दुसरे पाण्यात सोडण्याचे धैर्य आपल्या मुलामुलींस लाभो, एवढीच प्रार्थना.