कबुली आणि तपास

(घोडेगाव येथे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



येथून पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगराच्या बाजूस जांभोरी हे गाव आहे, हे तुम्हांला सांगावयास नको. १८७३ च्या अखेरीस तेथल्या होनाजी भागोजी केंगले या महादेव कोळी पुढाऱ्याने सावकारांविरुद्ध उठाव केला. सावकारांवर छापे पडले, काहींची नाके कापली गेली आणि पाहता पाहता हे लोण नाशिक, नगर व ठाणे जिल्ह्यांत पोहोचले. सरकारने १८७४ मध्ये १७५ शस्त्रधारी शिपायांची खास तुकडी डोंगरात धाडली, होनाजीवर हजार रुपयांचे बक्षीस लावले. तरीही तो सापडला १८७६ च्या जुलैत, मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याच्या हाती. हाच डॅनियल पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांना पकडणारा.

मधल्या काळात, १८७५ च्या मे महिन्यात, सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाने कर्जरोखे पाहिले, व्याजाचे दर पाहिले, दिवाणी कोर्टांचे हुकूमनामे पाहिले. त्यातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा आला. तो अपुरा होता, हे आपण सारे जाणतो. परंतु एकाच सरकारचे दोन हात एकाच वेळी दोन निरनिराळे प्रश्न विचारीत होते, हे ध्यानात घ्यावे. पोलीस विचारीत होते ‘कोण?’, आयोग विचारीत होता ‘कसे आणि कशामुळे?’. माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या प्रश्नाची ओढ असणे स्वाभाविक आहे. पण रोजच्या साध्या चोरीच्या तपासालाही तो टाळता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. तो टाळला की पोलिसांपुढे उरतो फक्त संशयित आणि त्याची पाठ.

आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. घोड आणि कुकडीच्या काठावरून शेतीपंपांच्या केबली चोरीला जातात. शेतकऱ्याचे नुकसान मोठे असते, ऐन भरणीच्या वेळी पाणी बंद पडते, आणि त्याचा संताप रास्त आहे. आता तपास कसा व्हावा? तांबे कोणी खात नाही. ते सोलावे लागते, जाळावे लागते, वाहून न्यावे लागते आणि कोणा तरी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवावे लागते. त्या खरेदीमागे पैसा आहे, वाहन आहे, ओळख आहे. तेव्हा तपासाचा रस्ता काट्यापासून मागे जातो. परंतु या रस्त्याने चालण्यास वेळ लागतो, आणि भंगाराच्या धंद्यातल्या बड्या माणसाच्या ओळखी बहुधा ठाण्यापर्यंत पोहोचलेल्या असतात. त्यापेक्षा माळावरच्या पारध्याच्या पालावर किंवा ठाकरवाडीत गाडी नेणे सोपे. तेथे विचारणारा कोणी नसतो. मारहाण ही क्रौर्यातून येते असे आपण समजतो; बऱ्याच वेळा ती आळसातून येते. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा ज्याने रचला त्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने पुढे आपल्या ग्रंथात एका अनुभवी अधिकाऱ्याचे जे मत नोंदवले, त्याचा आशयही हाच होता.

या स्टीफनची गोष्ट मोठी विलक्षण आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, ही तरतूद त्याच्या कायद्यात ठेवली गेली, कारण कंपनीच्या काळातला छळ सर्वांना ठाऊक होता. १८५५ च्या मद्रास छळ आयोगाचा अहवाल समोर होता. आणि तोच गृहस्थ व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा सदस्य असताना, १८७१ मध्ये, जन्मावरून जमातींना गुन्हेगार ठरविणारा कायदा संमत झाला. पोलिसावर विश्वास नको असे एक कायदा सांगतो. काही माणसे जन्मतःच संशयित, असे दुसरा सांगतो. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही या दुसऱ्या जाळ्यात आला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण ठाण्यातली सवय कोण रद्द करणार? विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्येही बजावून सांगावे लागले.

पुरावा कायद्याला एक फट होती. कबुली बाद, परंतु आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली तर तेवढे निवेदन ग्राह्य. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात ही फट जशीच्या तशी आहे. सारा मोह येथे आहे. माणसाला बोलते करा, कोठून तरी मुद्देमाल काढा, ठाण्याचे ठरलेले पंच बोलवा, की गुन्हा ‘उघडकीस’ आला! वर्तमानपत्रात छायाचित्र येते. पुढे खटल्यात पंच उलटतो आणि आरोपी सुटतो, तेव्हा छायाचित्र येत नाही. खरा चोर तोवर दुसऱ्या गावची केबल कापीत असतो.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या कार्यकर्त्याची मोटार चोरीला गेली की तोच फौजदाराला फोन करून ‘जरा हिसका दाखवा’ म्हणतो. सभेत नागरी स्वातंत्र्याचा ठराव आणि फोनवर हिसका! पोलीस शिपाई काही आकाशातून पडलेला नाही. त्याच्या काठीला गावची संमती असते, आणि तीत आपलीही असते. त्याच्यावरचा ताण, ड्यूटीचे तास, बंदोबस्ताचे ओझे मला मान्य आहे. त्याच्या पगाराच्या व घराच्या प्रश्नावर आपण त्याच्या बाजूने उभे राहावे. पण त्यामुळे कोठडीतला मार क्षम्य होत नाही.

प्रत्यक्षात गोम असते ती ‘चौकशीला बोलावले आहे’ या तीन साध्या शब्दांत. अटक दाखवलेली नसते, म्हणून चोवीस तासांचे घड्याळ चालू होत नाही. माणूस दोन दिवस ठाण्यात असतो, आणि कागदावर तो तिसऱ्या दिवशी पकडला जातो. बायकांना तर चौकशीसाठी ठाण्यात बोलावताच येत नाही; पंधरा वर्षांखालील मुलांना आणि साठीपुढच्या पुरुषांनाही नाही. साक्षीसाठी त्यांच्या घरी जावे, असे कायदा सांगतो. देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर काय प्रसंग आला, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना कसे निर्दोष सोडले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. तेव्हा चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यांत वसुधा धगमवार व रघुनाथ केळकर हे होते. १९८३ ची कायदादुरुस्ती त्या पत्राने उठवलेल्या चळवळीतून आली.

हे जुने झाले असे म्हणाल, तर परभणी पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी अटकेनंतर न्यायालयीन कोठडीत मरण पावला. गुन्हा नोंदवा, हे सांगण्यास जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालय लागले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथेही हरले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. आजतागायत तो संमत केलेला नाही. २०१० चे छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत संमत होऊन राज्यसभेत अडकले आणि विरले.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने पोलीस कोठडीचे पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत पसरून घेण्याची सोय केली आहे. म्हणजे तुरुंगात गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात आणता येतो. तक्रार करशील तर परत येशील, ही धमकी आता कायदेशीर झाली.

म्हणून सांगतो, पहिला दिवस मोलाचा. कोणाला नेल्याचे कळताच दोघांनी ठाण्यात जावे, एकट्याने नव्हे. आवाज चढवू नये. अटक असेल तर अटकेचा मेमो मागावा; त्यावर नातेवाइकाची अथवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते, ती तुमची असू द्या. अटक नसेल तर माणूस घरी पाठवा, असे लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. अटकेतल्या माणसांची माहिती ठेवणारा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असावा व माहिती फलकावर असावी, असे संहितेचे ३७ वे कलम सांगते. वैद्यकीय तपासणीची प्रत मागावी. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण जपण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०२० चा आहे. त्या तारखेचे चित्रण राखून ठेवा, असा अर्ज त्याच दिवशी द्यावा. आणि दंडाधिकाऱ्यापुढे माणूस उभा राहील तेव्हा आपला एक वकील हजर असावा, कारण ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे काय?’ या प्रश्नाला मागे शिपाई उभा असताना ठाकरवाडीतला पोरगा ‘नाही’ असेच उत्तर देतो. जुन्नर, घोडेगाव, नारायणगाव, मंचर, ओतूर येथे प्रत्येकी दोन वकील व चार कार्यकर्ते यांची नावे आज येथून उठण्यापूर्वी लिहून घ्यावीत, आणि ती वाड्यावस्त्यांवर पोहोचवावीत.