शिक्षेला शेवट हवा



गुन्हेगाराला शिक्षा करावी की सुधारावे, हा वाद घालण्यापूर्वी आम्ही विचारतो: गुन्हेगार ठरवावयाचा कशावरून? १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. निजामी राज्यातही त्याच धर्तीचा कायदा होता. सोलापुरास अशा जमातींकरिता तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तेथे रोज हजेरी द्यावयाची, आणि नाव मात्र सुधारणेचे! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. पण आपल्या बीड जिल्ह्यात पारध्यांच्या पालावरचा संशय गेला काय? गावात चोरी झाली की पहिले बोट कोणाकडे वळते, हे आपण जाणताच.

ज्याचे घर फुटले त्याचे दुःख आम्ही लहान लेखीत नाही. चोराला शिक्षा व्हावीच. मात्र ती कृत्याची असावी, कुळाची नव्हे; आणि तिला शेवट असावा.

हे स्वप्नरंजन नव्हे. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर वसले. तेथे कैद्यांना भिंतीवाचून ठेवले, कसावयास जमीन दिली, बायकामुलांसह राहू दिले. व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. गोदाकाठी पैठणलाही खुले कारागृह आहेच.

शिक्षा भोगणाऱ्या कैद्यावर राज्याने विश्वास टाकला, त्याला जमीन दिली. मग ज्याने काहीच केले नाही, त्या पालावरच्या पोराला गायरानाचा तुकडाही मिळू नये, हा कोठला न्याय?