काठावरचा पहिला सेकंद



ॲलिगेटर जमिनीवर किती वेगाने पळतो, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर आहे: ताशी 50 किलोमीटर. फ्लॉरिडाला निघालेल्या प्रवाशाला हे उत्तर कोणीतरी हमखास ऐकवतो, आणि ॲलिगेटर मागे लागलाच तर नागमोडी पळा, त्याला वळता येत नाही, असा सल्लाही वर देतो. माझे म्हणणे असे की आकडा खोटा आहे, सल्ला कुचकामी आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गफलत आहे. वेग किती हे आपण विचारतो, पण तो किती अंतरापुरता, हे विचारत नाही. पुढे जाण्याआधी नावाचा घोळ निस्तरू. मराठीत आपण या सगळ्या गोतावळ्याला मगर म्हणून मोकळे होतो. कृष्णेत आणि वाशिष्ठीत दिसते ती मगर क्रोकोडाइल कुळातली. इंग्रजीने तिचे नावच आपल्याकडून उचलले आणि त्याचे ‘mugger’ केले. ॲलिगेटर हे शेजारचे घराणे. त्याच्या दोनच जाती आज उरल्या आहेत, एक अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि दुसरी चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात.

आता आकडा. उसेन बोल्टने 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर अंतर 9.58 सेकंदांत काटले, म्हणजे सरासरी ताशी साडेसदतीस किलोमीटर. ताशी 50 खरे मानायचे तर वीतभर पायांचा हा जीव बोल्टला सहज मागे टाकायला हवा. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजचे जॉन हचिन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी फ्लॉरिडातल्या सेंट ऑगस्टीनच्या प्राणिसंग्रहालयात या सगळ्या गोतावळ्यातल्या 15 जातींच्या चालीचे चित्रीकरण केले आणि 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळपास सगळ्यांची मजल ताशी 18 किलोमीटरच्या आसपास थांबली. हा वेग म्हणजे सेकंदाला 5 मीटर, किंवा 100 मीटर 20 सेकंदांत. सुटणाऱ्या एसटीमागे धावणारा मध्यमवयीन गृहस्थही याच्या फार मागे नसतो. याच हचिन्सन यांनी थायलंडमधल्या हत्तींची चाल पूर्वी मोजली होती; ती ताशी 25 किलोमीटरपर्यंत गेली. हत्ती पुढे, ॲलिगेटर मागे! बोत्स्वानातल्या चित्त्यांच्या गळ्यात पट्टे बांधून घेतलेली नोंद ताशी 93 किलोमीटरची आहे, तेव्हा तिकडे न पाहिलेलेच बरे. सरपटणारा प्राणी म्हणून तो मंद, हेही खरे नाही, कारण मध्य अमेरिकेतला काटेरी शेपटीचा इग्वाना हा सरडा ताशी 34 किलोमीटरच्या पुढे जातो.

मग ॲलिगेटर मागे का पडतो? त्याला चालताना पाहावे. घाई नसली की तो चिखलावरून पोटाने घसरतो. लांब जायचे असले की चारही पाय अंगाखाली घेतो, धड जमिनीपासून उचलतो आणि ताठ चालू लागतो. पाहणाऱ्याला हा पवित्रा चकवतो, कारण त्यात प्राणी एकदम उंच आणि तडफदार दिसतो. पण मागे शेपूट फरफटत असते, आणि तिचे वजन एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भरते. पाण्यात हीच शेपूट इंजिन असते, जमिनीवर मात्र ओझे. त्यातून रक्त थंड. स्नायूंना प्राणवायूचा पुरवठा बेताचा असल्याने जोराची हालचाल साठवणीतल्या शक्तीवर होते, लॅक्टिक आम्ल झपाट्याने साचते आणि जनावर गळून जाते. हीच काटकसर दुसरीकडे त्याच्या फायद्याची ठरते, कारण मोठा ॲलिगेटर महिनोन्‌महिने न खाता राहू शकतो. लांडग्याला ते जमणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो चौखूर धावण्याचा. मगरी घोड्यासारख्या उधळतात, त्याची चित्रफीत आम्ही पाहिली आहे, असे लोक सांगतात. पाहिली असेल, पण ती ॲलिगेटरची नसणार. चौखूर पळतात ते काही जातींचे क्रोकोडाइल. ॲलिगेटर दुडक्या चालीपलीकडे जात नाहीत. गंमत अशी की चौखूर पळूनही क्रोकोडाइल त्यांच्यापेक्षा फारसे वेगवान ठरत नाहीत. या सगळ्या गोतावळ्याचे पूर्वज ट्रायासिक काळात लांब पायांचे, जमिनीवर धावणारे शिकारी होते, तेव्हा मंदपणा हा वारसा नव्हे, ती मागाहून पत्करलेली सवय आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्राणिसंग्रहालयातले सुस्तावलेले जनावर जिवाच्या आकांताने कशाला पळेल? हे मान्य. पण उत्तर ऑस्ट्रेलियातल्या गोड्या पाण्यातल्या रानटी मगरी पाण्याकडे जीव घेऊन चौखूर पळताना मोजल्या गेल्या, त्याही ताशी 17 किलोमीटरच्या घरातच राहिल्या.

तिसरा आक्षेप प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. ‘विजेसारखा आला,’ असे ते म्हणतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. तासभर ओंडक्यासारखे पडलेले जनावर हलते तेव्हा डोळा वेग मोजत नाही, फरक मोजतो. पण नुसते डोळ्यावर ढकलूनही भागत नाही, साधा हिशेब करून पाहावा. काठापासून दीड मीटरवर एखादा पाठमोरा वाकला आहे. सेकंदाला 5 मीटर या दराने ते अंतर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात संपते, आणि काहीतरी हलले हे कळून अंग हलवायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. उरला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ. तोच माणूस दहा मीटरवर उभा असता तर त्याला दोन सेकंद मिळाले असते. म्हणून नागमोडी पळण्याचा सल्ला कुचकामी: वळणे घेणारा स्वतःचेच अंतर कमी करतो. शिवाय ॲलिगेटर जमिनीवर माणसाचा लांबवर पाठलाग करत नाही. अंड्यांवरची मादी चार पावले अंगावर येते आणि घरट्याकडे परत फिरते; बाकीचे पळाले तर पाण्याकडे पळतात.

फ्लॉरिडाचे वन्यजीव खाते तिथल्या हल्ल्यांच्या नोंदी 1948 पासून ठेवते. त्याच्या सूचना अशा: पोहायचे तर नेमून दिलेल्या जागी आणि दिवसाउजेडी, कुत्रा साखळीला बांधून पाण्याच्या काठापासून दूर, आणि ॲलिगेटरला खाऊ घालायचे नाही, तो गुन्हा आहे. यांपैकी एकाही सूचनेत धावण्याचे काम नाही.