अजिंक्यतारा : राजधानीचा गड

साताऱ्यात कुठंही उभे राहा, मान वर केली की अजिंक्यतारा दिसतोच. हा गड शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला, असं मानतात. एप्रिल १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं मंगळाई देवीच्या बुरुजाखाली सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात ढिगाऱ्याखाली गेलेले किल्लेदार प्रयागजी प्रभू जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटात तट बाहेर कोसळून चढाईला टपलेले मोगलच गाडले गेले. १७०८ मध्ये साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढे पायथ्याशी शहर वसलं. आज गाडीरस्ता दरवाजापर्यंत जातो. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा. मंगळाईचं दर्शन घ्या, तळी पाहा आणि तटावरून सज्जनगड, यवतेश्वर न्याहाळा.