'मोतिया' म्हणजे कोणता?



नेत्ररोगांवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. आम्ही केवळ बी. ए.; सारा जन्म केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात आकडे जुळविण्यात गेला. परंतु एका शब्दाच्या घोटाळ्याने आमच्या घरी जे घडले, ते आपल्यापैकी कोणाच्याही घरी घडू शकेल. म्हणून उभे राहिलो आहोत.

आमच्या काकूंना डाव्या डोळ्याने कमी दिसू लागले. येथील एका डॉक्टरांनी तपासून 'काला मोतिया' असे निदान सांगितले व थेंब लिहून दिले. झांशीत पिढ्या गेल्या तरी घरात आपण मराठीच बोलतो. 'मोतिया' शब्द कानी पडताच आम्ही मनाशी 'मोतीबिंदू' असे भाषांतर केले. काला, म्हणजे अजून पांढरा झालेला नाही, अर्थात पिकलेला नाही, असाही तर्क लढविला! पिकल्यावाचून शस्त्रक्रिया नाही, हे लहानपणापासून ऐकलेले. थेंब संपले ते पुन्हा आणले नाहीत. दीड वर्ष आम्ही स्वस्थ वाट पाहिली.

काला मोतिया म्हणजे आपला काचबिंदू. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढुळते. ते काढून कृत्रिम भिंग बसविले की, मागचा पडदा निरोगी असल्यास, दृष्टी परत येते. काचबिंदूत, बहुधा डोळ्यातील दाब वाढून, मेंदूकडे जाणारी मज्जाच झिजते. पुष्कळदा दुखत नाही, खुपत नाही. कडेची दृष्टी आधी जाते, आणि गेलेली परत येत नाही. थेंब, लेसर वा शस्त्रक्रिया यांनी उरलेली तेवढी राखता येते. रक्ताच्या नात्यात हा रोग असल्यास चाळिशीनंतर डोळे नियमित तपासून घ्यावेत. आम्ही भावंडांनी ते केले, उशिराच केले.

आता त्या 'पिकण्या'विषयी. हा नियम खुळचट नव्हता. जुन्या पद्धतीत कच्चा मोतीबिंदू काढणे अवघड, आणि नंतर जाडजूड चष्मा नशिबी. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या पदरी नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे ठेवली जात. ती आजही सरस्वती महालात आहेत. मराठी राजाने हे करावे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण त्या काळी गढूळ भिंग सुईने बाजूस ढकलण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले आणि चित्र हळूहळू पालटले. आता वाचन, स्वयंपाक, रात्रीचे चालणे यांस अडथळा होऊ लागला की शस्त्रक्रियेचा विचार करावा. फार पिकू दिल्यास ती उलट अवघड होते. मधुमेह असल्यास तो आधी आटोक्यात आणावा.

पापण्यांचेही दोन शब्द. वयपरत्वे पापणी लोंबून बुबुळावर येते. लोक म्हणतात, झोप आली. दृष्टी अडत असेल तर सैल कातडी काढून वा स्नायू आखडून ती उचलता येते. पापणी आत वळून केस बुबुळास घासत असतील तर मात्र दिरंगाई नको, व्रण पडतो. आणि पापणी एकाएकी पडली, सोबत डोके दुखते किंवा एकाचे दोन दिसतात, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. ते दुखणे डोळ्यापलीकडचे असू शकते.

तरुण मंडळी चष्मा घालविणाऱ्या लेसरविषयी विचारतात. नंबर स्थिर झाला आहे काय आणि बुबुळाची जाडी पुरेशी आहे काय, हे आधी पाहावे लागते. लग्न ठरले हे कारण पुरेसे नाही.

काकू उजव्या डोळ्याने अजून पोथी वाचतात. डावीकडून कोणी आले तर दचकतात, म्हणून घरात आम्ही सर्वजण त्यांच्या उजवीकडूनच जातो. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही.

आमचे ज्ञान येथे संपले. पुढील प्रश्न समोर बसलेल्या डॉक्टरमंडळींना विचारावेत. आणि ते 'मोतिया' म्हणाले, तर कोणता, हे तेथल्या तेथे विचारून घ्यावे.