रबराचं वय

लांबच्या प्रवासाला निघताना बरोबर काय काय न्यावं, याच्या याद्या आपण पुष्कळ वाचतो. आज मी तुम्हाला एका जुन्या जीपच्या तयारीची हकीकत सांगणार आहे. कऱ्हाडहून लेहला जायची ही तयारी, २०१९ सालची. तीत माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तीही सांगतो.

जीप माझ्या अब्बांची. अब्बा एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. पेट्रोलवर चालणारी ही १९७४ची सीजे-थ्री-बी त्यांनी खात्यासाठी वर्षानुवर्षं चालवली आणि खात्यानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या तेव्हा तिच्यावरच बोली लावून ती घरी आणली. उंच बॉनेट, तीन गिअर, चारही चाकांना ताकद देणारा वेगळा दांडा आणि ताशी पन्नास-पंचावन्नचा वेग. या जीपमधून अब्बांनी अनेक साहेबांना कोयनेच्या खोऱ्यातली गावं दाखवली. रोजची फेरी लॉगबुकात लिहायची आणि संध्याकाळी गाडी परत आवारात लावायची. जिल्ह्याची हद्द त्या गाडीनं क्वचितच ओलांडली.

घरात अब्बांच्या खाटेसमोर एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. बर्फाचे डोंगर आणि त्यांच्यामधून गेलेला एक बारीक रस्ता. वर्ष सरलं, पान राहिलं. ते का ठेवलंय, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र जीपनं लेहला जायचं म्हणू लागलो, तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे अब्बा पटकन म्हणाले, “मीही येतो.” डॉक्टरांनी नकार दिला. त्या वाटेवरची तांगलांग ला ही खिंड सतरा हजार फुटांहून उंच आहे. तिथं हवा समुत्राकाठच्या निम्म्यावर येते. अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ठीक आहे. गाडी मी तयार करून देतो.”

त्यांनी अंगणात खुर्ची टाकली. गावातले मिस्त्री गाडीखाली, मी हाताखाली आणि अब्बा खुर्चीत, असं काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “आधी रबर बदल. लोखंड म्हातारं झालं की आवाज करतं. रबर म्हातारं झालं तरी गप्प असतं.”

मी मान डोलावली आणि बाजारात गेलो. तिथं माझी मती फिरली. नवा हिरवा रंग, वरचं कॅरिअर, पुढं दोन मोठे दिवे, पाठीमागं कॅन अडकवायची चौकट. पैसे संपत आले. ब्रेकचे होजपाइप मी हातानं दाबून पाहिले. बाहेरून काळेभोर, गुळगुळीत. “हे चांगले आहेत,” असं मीच ठरवलं आणि अब्बांना सांगितलं, “बदलले.”

मे महिन्यात चाचणी म्हणून आम्ही चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाट उतरताना एका वळणाआधी मी ब्रेक दाबला. पेडल मऊ लागलं आणि सरळ तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला ऑइलची एकच वाट असते. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक जातात. मित्र ओरडला, “हँडब्रेक!” या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो. गिअरबॉक्सच्या मागून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर त्याचा ड्रम असतो, त्यामुळे ऑइल गेलं तरी तो लागतो. मी दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. नवा रंग खरवडत, मडगार्ड चेपत ती थांबली. क्षणभरात समोरच्या वळणावरून माणसांनी भरलेली एसटी वर आली.

माझ्या पायांचं कापणं बराच वेळ थांबेना.

एका ट्रकनं जीप ओढून आणली. घरी मी सांगितलं, क्लच गेला होता, त्यात गाडी डोंगराला घासली. सकाळी उठून पाहतो तर अब्बा मागच्या चाकाजवळ उकिडवे बसलेले. त्यांनी खालून बोट फिरवलं, हुंगलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, “क्लचला ब्रेकचं ऑइल कधीपासून लागायला लागलं?”

मला उत्तर देता आलं नाही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “बेटा, माझ्याशी खोटं बोललास ते चालेल. गाडीशी खोटं बोलू नको.”

त्यानंतर तयारी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दोन मोठे दिवे काढून विकले, त्यातून रबराचा खर्च निघाला. ब्रेकचे सगळे होजपाइप, मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांच्या सिलिंडरमधले रबरी कप, पेट्रोलची नळी, रेडिएटरचे पाइप, पंख्याचा पट्टा. मिस्त्रींनी जुना होज उभा चिरून दाखवला. बाहेरून काळाभोर पाइप आतून फुगून भेगाळला होता. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरांच्या खाचा खोल होत्या, पण जन्म २००७चा. तेही गेले.

मग लोखंडाची पाळी. चाकांची बेअरिंगं धुऊन नवं ग्रीस भरलं, शाफ्टचे क्रॉस बदलले. कमानीचे पाटे एकेक मोकळे करून चिरा पाहिल्या, यू-बोल्ट आवळले. पाचशे किलोमीटर फिरून आलो आणि प्रत्येक नट पुन्हा आवळला, कारण नवं काम थोडं बसतं आणि सैल होतं.

बरोबर काय न्यायचं, तेही अब्बांनीच ठरवलं. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, पेट्रोलपंपाचं किट, ब्रेक ऑइल, मूळ पाटा, तार आणि साबणाची एक वडी. टाकीला बारीक भोक पडलं तर ओला साबण दाबून तात्पुरतं भागतं. टांडीचा पंप सोडला की लेहच्या अलीकडच्या कारूपर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर पेट्रोल मिळणार नव्हतं. गाडी लिटरला सात किलोमीटर देणारी, सीटखालची टाकी चाळीस लिटरची. गणित कागदावर मांडलं आणि वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेतले.

कागदपत्रांचंही एक प्रकरण होतं. पुनर्नोंदणी, विमा, पीयूसी नीट होतं. पण दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी होती. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. म्हणून अहमदाबाद, पाली, बिकानेर, भटिंडा, चंदीगड असा वळसा घेतला.

जूनच्या अखेरीस आम्ही निघालो. राजस्थानच्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी बंद पडू लागली. पंपावर ओलं फडकं गुंडाळून पुढं गेलो. उंचीवर हवा विरळ, म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी. ते खोकायला लागलं, काळा धूर सोडू लागलं. मिस्त्रींनी दिलेला लहान जेट कार्बोरेटरमध्ये बसवला, तेव्हा कुठं गाडीला श्वास आला. तांगलांग लावरून उतरताना मी गिअर खालचाच ठेवला होता. तरी प्रत्येक वळणाआधी पाय ब्रेकवर जाई आणि पेडल घट्ट लागलं की मनात अब्बांची खुर्ची दिसे. ब्रेक एकदाही दगा देऊन गेला नाही.

निघताना अब्बांनी मला एक वही दिली होती. खात्याच्या लॉगबुकासारखे रकाने त्यांनी स्वतः पट्टीनं आखले होते. तारीख, कुठून, कुठं, किलोमीटर, पेट्रोल आणि शेवटी ‘प्रवासाचं प्रयोजन’. मी रोज बाकीचे रकाने भरले. शेवटचा मात्र कोराच राहिला. कविता लिहिणारा माणूस मी, पण तिथं लिहिलेला प्रत्येक शब्द मला सजवलेला वाटायचा. दोन मोठ्या दिव्यांसारखा.

घरी आलो. अब्बांनी आधी चाकांखाली पाहिलं, मग वही मागितली. चष्मा लावून एकेक पान वाचलं. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, “हे कोरं ठेवून चालत नाही. हिशेब पास होत नाही.” मी विचारलं, “तुम्ही काय लिहायचा?”

“साहेब बरोबर असले की एकच. पाहणी.”

मी पहिल्या पानावर तेच लिहिलं. खाली ड्रायव्हरच्या सहीची जागा होती. तिथं मी अब्बांना सही करायला सांगितली.